आठ हजारांचा मोबाइल कोणता घ्यावा?



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय व्हावे, इतिहास व्हावा, फार तर देशाचे अर्थकारण व्हावे. तेथे कुणी उभे राहून दोन मोबाइलांची तुलना करावी हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. चालकांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा तेही क्षणभर थबकले. परंतु मी विद्वान नव्हे. शाळेने मला लवकर सोडले, आणि पुढचे जे शिक्षण झाले ते पगारपत्रके, करारांचे मसुदे आणि कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. कामगार संघटनेच्या कार्यालयात लोक माझ्याकडे दोन प्रकारचे प्रश्न घेऊन येतात. एक, "साहेब, हे पत्र आले आहे, यात काय लिहिले आहे?" आणि दुसरा, अलीकडे वाढलेला, "काका, हा घेऊ की तो घेऊ?" दुसरा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात दुकानदाराने दिलेली दोन रंगीत कागदे असतात, आणि खिशात आठ हजार रुपये असतात.

कामगाराच्या घरातून एका दिवशी आठ हजार रुपये बाहेर पडावेत असे प्रसंग किती? लग्न, आजारपण, मुलांच्या प्रवेशाची फी, पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे. त्या पंगतीत आता मोबाइल येऊन बसला आहे. आणि तो चैनीची वस्तू म्हणून बसलेला नाही. आपल्या स्टेशनावरून पहाटे गाडी धरणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याचा रेल्वेचा पास मोबाइलवर निघतो. पडघ्याच्या किंवा भिवंडीच्या गोदामात पुष्कळ ठिकाणी हजेरी मोबाइलवर लागते. पगार बँकेत जमा झाल्याचा निरोप त्यावरच येतो, वाण्याचे पैसे त्यावरून जातात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तीही मोबाइल क्रमांकाशी बांधलेली. १ ऑगस्ट २०२५ पासून भविष्यनिर्वाह निधीत नव्याने येणाऱ्या कामगाराला आपला यूएएन क्रमांक उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून मिळवावा लागतो. रोजगार हमीच्या कामांवर तर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढून मोबाइलवर हजेरी घेण्याची सक्ती झाली. फोटो चढला नाही तर घाम गाळूनही मजुरी अडकण्याची भीती. गिरणीतला विणकर आपला माग घरून डोक्यावर घेऊन येत नसे. आजचा कामगार आपले एक हत्यार स्वतःच्या पैशाने विकत घेऊन कामावर येतो, आणि ते हत्यार म्हणजे हा मोबाइल होय.

मोबाइल हत्यार आहे एवढे मान्य केले, की तो निवडण्याची रीत बदलते. करवत घेताना सुतार तिची मूठ किती चकाकते ते पाहत नाही. पण त्याच सुताराला मोबाइलच्या दुकानात उभा करा. तो कॅमेऱ्याचा आकडा विचारतो. याचा दोष त्याला देता येत नाही, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात तोच आकडा छापलेला असतो. जे बारीक अक्षरात छापलेले असते, किंवा मुळीच छापलेले नसते, त्याबद्दल मला आज बोलावयाचे आहे.

त्यासाठी दुकानात जाण्यापूर्वी आपल्या महाराष्ट्रातच घडलेली एक हकिकत सांगतो. तिच्यात या विषयाचे सगळे मर्म आहे. २०१९ साली राज्य शासनाने अंगणवाडी सेविकांना कामासाठी मोबाइल दिले. संख्या थोडीथोडकी नव्हती. राज्यभर एक लाखाच्या घरात. फोन नवे कोरे होते, चालत होते, तेव्हाच्या कामाला पुरतही होते. त्यांची रॅम होती २ जीबी. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' नावाचे नवे अ‍ॅप आले. गावातली मुले किती, वजन किती, गरोदर माता किती, आहार कुणाला दिला, ही सगळी नोंद त्यात करावयाची. हे अ‍ॅप त्या फोनांना पेलेना. फोन तापत, मध्येच अडकत, भरलेली माहिती नाहीशी होई. शिवाय नोंदी करावयाच्या त्या इंग्रजीत. आयुष्यभर मराठीत रजिस्टरे लिहिलेल्या बायकांना लाभार्थींची नावे इंग्रजी अक्षरांत भरावी लागू लागली. फोनांच्या हमीची मुदत तोवर संपलेली, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्याच माथी बसू लागला. शेवटी २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर 'मोबाइल वापसी' आंदोलन झाले. हजारो सेविकांनी मोर्चाने जाऊन ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन ठेवले. संप पुष्कळ पाहिले, घेरावही पाहिले. पण हजारो बायकांनी मिळालेले यंत्र मालकाच्या टेबलावर परत ठेवावे, असे आंदोलन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांचा राज्यव्यापी संप झाला, तेव्हाही नवे मोबाइल ही मागणी अग्रभागी होती.

आता या हकिकतीत फोन वाईट होता असे कुणी म्हणेल. मी म्हणतो, फोन २०१९ च्या कामाला पुरेसा होता. २०२१ साली काम वाढले आणि फोन होता तेवढाच राहिला. स्वस्त फोन बहुधा मोडून मरत नाही. तो जागच्या जागी असतो आणि भोवतालचे अ‍ॅप जड होत जाऊन त्याला मारतात. २०१७ साली दीड हजार रुपयांच्या अनामतीवर घरोघरी जो बटणांचा जिओफोन आला, त्याचेही तेच झाले. २०१८ साली त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आले म्हणून लोक खूष झाले. २०२४ साली त्या प्रकारच्या फोनांवर ते नव्याने उतरवून घेणेच बंद झाले. बटणे शाबूत, पडदा शाबूत, बॅटरीही बरी, आणि फोन मात्र बिनकामाचा. तेव्हा आजच्या कामाला पुरेल असा फोन मागू नये. तीन-चार वर्षांनी जे काम येईल त्याला पुरेल असा मागावा.

तो कसा ओळखावा? दोन आकडे पुरेत. पहिला रॅमचा. मी हे स्वयंपाकघरातल्या दाखल्याने सांगतो, कारण मला स्वतःला ते तसेच समजले. साठवण म्हणजे घरातले फडताळ. फोटो, गाणी, अ‍ॅप सगळे तेथे राहते. रॅम म्हणजे ओटा. फडताळ कितीही मोठे असले तरी एका वेळी चिरणे, मळणे, फोडणी हे ओट्यावरच व्हायचे. ओटा लहान असला की एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. पैसे देण्याचे अ‍ॅप उघडे असताना संदेशातला आकडा पाहावयास जावे आणि परत यावे तो पैशाचे अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावे, असे आपणांपैकी पुष्कळांच्या फोनमध्ये होत असेल. तो ओटा अपुरा पडल्याचा प्रकार आहे. आज ४ जीबीपेक्षा कमी ओट्याचा फोन घेऊ नये. चेहरा दाखवून हयातीचा दाखला देण्याची जी सोय सरकारने केली आहे, तिच्या सूचनांतच ४ जीबी रॅमची अपेक्षा धरलेली आहे. मात्र येथे दुकानदाराची एक हातचलाखी ध्यानात ठेवावी. कागदावर '८ जीबी' लिहिलेले असते आणि शेजारी बारीक अक्षरात 'चार अधिक चार'. त्यातले पहिले चार खरे. दुसरे चार म्हणजे फडताळातली एक फळी रिकामी करून तिलाच ओटा म्हटलेले. फळीवर कणीक मळता येते, पण कशी ते घरातल्या बाईला विचारावे.

दुसरा आकडा वर्षांचा. फोनमध्ये चोरवाटा सापडत राहतात आणि बनविणारी कंपनी त्या बुजविणारी दुरुस्ती वेळोवेळी पाठविते. ही दुरुस्ती येणे बंद झाले की फोन चालत राहतो, पण दाराची कडी निखळलेल्या घरासारखा. आणि त्या घरात आता आपला पगार ठेवलेला असतो. पुढे पुढे बँकांची अ‍ॅपेही जुन्या फोनला नाकारू लागतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा: सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षे मिळणार, आणि ती वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची? बहुतेक कंपन्या ती फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्या दिवसापासून नव्हे. दीड वर्षे दुकानात पडून राहिलेला फोन 'सूट' म्हणून पाचशे रुपयांनी स्वस्त मिळतो, तेव्हा त्याच्या आयुष्याचे दीड वर्ष दुकानदाराच्या फळीवर संपलेले असते.

एवढी तयारी करून आता दोन फोन समोर ठेवू. नमुना म्हणून मी २०२४ साली दोन महिन्यांच्या अंतराने भारतात आलेले दोन घेतो, कारण आठ हजारांच्या आसपास माझ्याकडे जी कागदे आली त्यांत ही जोडी वारंवार असे. आज दुकानात यांच्या जागी यांची धाकटी भावंडे दिसतील आणि किमतीचे आकडेही निराळे असतील. तुलनेची रीत तीच राहील. एक सॅमसंगचा गॅलॅक्सी एम०५, सप्टेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा किंमत ७,९९९ रुपये. दुसरा शाओमीचा रेडमी ए४ ५जी, नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा ८,४९९ रुपये. दोघांनाही रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी. दोघांनाही दोन वेळा अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि चार वर्षे सुरक्षेच्या दुरुस्तीचे कंपनीचे वचन. दोघांच्या पडद्यावर तेवढेच बारीक ठिपके, दोघांच्या कॅमेऱ्याचा मोठा आकडा ५०. बॅटरी एकाची ५,०००, दुसऱ्याची ५,१६०. हा फरक चहात पडलेल्या जादा थेंबाएवढा. म्हणजे खोक्यावर ज्या गोष्टी मोठ्या अक्षरात आहेत त्यांत दोघे जवळजवळ सारखेच.

मग फरक कोठे आहे? सॅमसंगच्या खोक्यात चार्जर नाही. शाओमीच्या खोक्यात तो आहे, आणि तोही ३३ वॅटचा, जरी फोन मात्र १८ वॅटच घेतो. (बैलापेक्षा जू मोठे, पण फुकट मिळालेल्या जुवाबद्दल तक्रार करू नये. घरातल्या दुसऱ्या फोनला ते उपयोगी पडते.) सॅमसंग २५ वॅट घेऊ शकतो, परंतु तसा चार्जर वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि धड चार्जर घ्यावयाचा म्हटले की दोघांतला पाचशे रुपयांचा फरक तेथेच संपतो. धड चार्जर म्हणजे कोणता? आपल्या शेजारी उल्हासनगर आहे आणि तेथल्या 'मेड इन यूएसए'चा विनोद मी आपणांस सांगावयास नको. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणीक्रमांक असला पाहिजे. तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासून पाहता येतो. रात्रभर उशाशी विजेला लावून ठेवावयाच्या वस्तूत शंभर रुपये वाचवू नयेत.

दुसरा फरक बोटाच्या ठशाचा. शाओमीच्या कडेला ठसा ओळखणारे बटण आहे. सॅमसंगच्या या फोनला ते नाही, तेथे चेहरा किंवा आकडे. गर्दीच्या डब्यात एका हाताने दांडी धरून आकडे दाबणे म्हणजे शेजाऱ्याला आपला गुप्त क्रमांक शिकविणे होय. गोदामात नोंदी करणाऱ्याला, दुकानात काम करणाऱ्या मुलीला ठशाचे बटण फार सोयीचे. पण गवंड्याला, रंगाऱ्याला, रसायनात हात घालणाऱ्या डोंबिवलीच्या कामगाराला त्याचे काय? त्याच्या बोटावरच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात. रेशनच्या दुकानात अंगठा न उठल्यामुळे ताटकळलेली माणसे आपण पाहिली आहेत. अशा माणसाने या बटणासाठी जादा पैसा मोजणे व्यर्थ.

तिसरा फरक ५जीचा, आणि येथे सर्वात अधिक फसगत होते. सॅमसंगचा एम०५ हा ४जी फोन आहे. शाओमीच्या नावातच ५जी आहे, आणि तरुण मुले त्या दोन अक्षरांसाठी पाचशे रुपये आनंदाने अधिक देतात. परंतु ५जीचे जाळे दोन रीतींनी उभारता येते. एक, मुळापासून स्वतंत्र. दुसरी, जुन्या ४जीच्या पायावर वरचा मजला चढवून. जिओने पहिली रीत घेतली, एअरटेलने दुसरी घेऊन सुरुवात केली. रेडमी ए४ फक्त पहिली रीत समजतो. म्हणून तो बाजारात आला तेव्हा एअरटेलचे कार्ड घालणाऱ्याला त्यात ५जी मिळाले नाही, ४जी मिळाले. घरात सगळ्यांची कार्डे एअरटेलची असताना ५जीसाठी हा फोन घेणे म्हणजे आपल्या खडवलीला न थांबणाऱ्या गाडीचे जलद म्हणून जादा तिकीट काढण्यासारखे. ही गोष्ट कंपनीने लपविलेली नव्हती, पण पाटीवर मात्र कुणी लिहीत नाही.

आता निवाडा काय? मला कुणी विचारले तर मी आधी विचारतो, कार्ड कोणते, चार्जर घरात आहे का, आणि फोन कुणाच्या हातात राहणार. जिओचे कार्ड असेल, फोनवर दिवसभर काम असेल आणि घरात चांगला चार्जर नसेल, तर शाओमी. पाचशे रुपये अधिक म्हणाल तर ते चार वर्षांवर पसरा. महिन्याला साडेदहा रुपये पडतात. एअरटेलचे कार्ड, घरात धड चार्जर, आणि फोन मुख्यतः बोलण्यासाठी व पैसे देण्या-घेण्यासाठी, तर सॅमसंग घ्यावा आणि पाचशे रुपये वाचवावेत. त्यात ५जी नाही म्हणून कुणी नाक मुरडले तर मुरडू द्यावे. आणि या दोहोंहून स्वस्त म्हणून सहा हजारांत ३ किंवा २ जीबीचा फोन दाखविला, तर अंगणवाडीच्या बायका आठवाव्यात. आठ हजारांचा फोन चार वर्षे चालला तर महिन्याला १६७ रुपये पडला. सहा हजारांचा दोन वर्षांत थकला तर महिन्याला २५० रुपये. गरीब माणूस स्वस्त वस्तू अधिक भावाने घेतो, हे मी किराणा मालात नेहमी पाहिले आहे; येथेही तेच.

परंतु मित्रहो, या पाचशे रुपयांवर आपण इतका वेळ घातला तो थोडासा अस्थानी आहे. खरा खर्च पुढेच आहे, आणि तो फोनच्या किमतीत दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढविले. जिओचा दिवसाला दीड जीबीचा जो रिचार्ज २३९ रुपयांना होता, तो २९९ झाला. मुदत २८ दिवस. वर्षाचे दिवस ३६५. २८ ने भागा. तेरा येतात. वर्षाला बारा महिने आहेत असे आपण समजतो, पण मोबाइल कंपनीच्या पंचांगात तेरा आहेत, आणि आपल्यासाठी तो दुष्काळातला तेरावा महिनाच आहे. तेरा वेळा २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. चार वर्षांत दर न वाढले असे धरले तरी १५,५४८. फोन आठ हजारांचा आणि त्याला खाऊ घालणे साडेपंधरा हजारांचे! कामगारांनी किमान बोनस ८.३३ टक्के म्हणजे एका महिन्याचा पगार, आमचा तेरावा महिना, मिळविण्यासाठी किती वर्षे भांडण केले हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. कंपन्यांनी आपला तेरावा महिना एका दिवसाचाही संप न करता मिळविला. या तक्रारी दूरसंचार नियामकापर्यंत पोचल्या, आणि २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज ३० दिवसांचा व एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवावा असे बंधन आले. डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलण्याचे व संदेशांचे रिचार्ज ठेवण्याचाही हुकूम निघाला. हे रिचार्ज आहेत, पण जाहिरातीत दिसत नाहीत. मागून घ्यावे लागतात. घरातल्या आजोबांच्या साध्या फोनवर दररोज दीड जीबी आणि दररोज वाया, असा प्रकार असेल तर तो आज रात्रीच बंद करावा.

१९६३ साली मुंबईच्या कामगारांनी राहणीमानाच्या निर्देशांकातच गफलत आहे अशी ओरड केली, तेव्हा त्याची तपासणी करण्यास लकडावाला समिती नेमावी लागली होती. ज्वारीचा भाव कोणत्या दुकानातला धरला यावर महागाईभत्ता अवलंबून असे, आणि सही करता न येणारे कामगारही ते समजून घेत. तीच सवय आता या २८ दिवसांच्या महिन्याला लावली पाहिजे. माझ्या हातून जी मागणीपत्रे जातात, त्यांत मी एक कलम घालतो: हजेरी किंवा काम कामगाराच्या स्वतःच्या मोबाइलवर घ्यावयाचे असेल, तर फोनचा घसारा आणि रिचार्ज मालकाने द्यावा. काही मालक हसतात. काहींनी रिचार्जचा अर्धा भाग मान्य केला आहे.

हप्त्यांबद्दल थोडे बोलतो. 'बिनव्याजी हप्ता' असा फलक दुकानात असतो. बिनव्याजी असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज किमतीत, नाकारलेल्या सवलतीत किंवा कागदपत्रांच्या शुल्कात दडलेले असते. रोख घेतल्यास किती आणि हप्त्याने एकूण किती, हे दोन आकडे कागदावर लिहून मागावेत. आणखी एक गोष्ट कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी विचारावी: हप्ता चुकल्यास फोन दूरवरून बंद करण्याचे अ‍ॅप यात घातले आहे काय? पूर्वी सावकार जप्ती आणी तेव्हा चार माणसे दारात येत, बोलणे होई, मुदत मिळे. आता एक कळ दाबली की कामगाराचा पास, हजेरी आणि बँक एकाच क्षणी बंद. आणि हप्ता फेडण्यासाठी कामावर जावे तर हजेरी लावावयास फोन नाही.

जुना फोन घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. लोकलमध्ये चोरीला गेलेले फोन कोठे तरी विकले जातातच. जुना फोन हातात घेऊन *#०६# दाबले की पंधरा आकड्यांचा क्रमांक दिसतो. 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविला की फोन खरा आहे, बनावट आहे की चोरीचा म्हणून रोखलेला आहे ते कळते. आपला फोन चोरीस गेला तर २०२३ साली सुरू झालेल्या 'संचार साथी'वर तो बंद करवून घेता येतो. पोलिसांत तक्रार आधी करावी लागते, आणि खरेदीची पावती जवळ असली तर फार उपयोग होतो. पावती जपण्याचे दुसरेही कारण आहे. तिच्यावर कर लिहिलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. ८,४९९ रुपयांच्या फोनमध्ये सुमारे १,२९६ रुपये कराचे असतात. २०२५ साली सायकलीवरचा कर ५ टक्क्यांवर आणला. मोबाइल १८ वरच राहिला. सायकल गरिबाचे वाहन आहे हे सरकारला पटले. मोबाइल गरिबाचे हत्यार आहे हे पटावयाचे राहिले आहे.

शेवटी सभागृहात बसलेल्या माझ्या निवृत्त मित्रांसाठी. आंबिवली, शहाड, कल्याणच्या कारखान्यांत हाडे झिजवून घरी बसलेली पुष्कळ माणसे या पट्ट्यात आहेत. त्यांतल्या कित्येकांना १९९५ च्या योजनेखाली जे निवृत्तिवेतन मिळते त्याची किमान रक्कम २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरली. म्हणजे आपण ज्या फोनांची चर्चा केली ते त्यांच्या आठ महिन्यांच्या वेतनाचे. अशा गृहस्थांना कोणी तरी सांगते की, काका, हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, त्यासाठी मोठा फोन घ्या. सोय २०२१ पासून आहे हे खरे. परंतु तिच्यासाठी फोन घेण्याची काही गरज नाही. हा दाखला पूर्वीप्रमाणे बँकेत, टपाल कचेरीत, नागरी सुविधा केंद्रात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात देता येतो. मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरही तो देता येतो, चेहरा मात्र आपला हवा. जाताना आधार कार्ड, निवृत्तिवेतनाचा पीपीओ क्रमांक, बँकेचे पुस्तक आणि आपला साधा मोबाइल घेऊन जावे, कारण आकड्यांचा संदेश त्यावर येतो. या योजनेत नोव्हेंबरचीच गर्दी करावी लागत नाही. दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि पुढल्या वर्षी तिच्या आधी आठ दिवस जाऊन यावे.